वाटेत जिरलेली वीज

मी ट्रेलरमधली बॅटरी बोलतेय. जीपच्या मागे जोडलेला पांढरा ट्रेलर, त्यात गुरांच्या लसींचा छोटा फ्रिज, आणि फ्रिजखालच्या खोक्यात मी.

जीप धावू लागली की तिचा अल्टरनेटर वीज तयार करतो. ती एका लांब वायरीतून माझ्याकडे येते. मी ती साठवायची आणि जीप थांबली की फ्रिज चालवायचा, हे माझं काम. पण या ट्रेलरमध्ये आल्यापासून माझं पोट कधी भरलंच नाही. जीप सगळं स्वतः खाते आणि मला उरलंसुरलं पाठवते, असा मला दाट संशय होता.

गुरांच्या डॉक्टरीणबाईंना मात्र दिराचा संशय होता. जीप तोच चालवायचा. बाई गोठ्यांत टोचायला गेल्या की तो ट्रेलरमध्ये माझ्या विजेवर चालणारा पंखा लावून पडायचा, हे त्यांनी एकदा पाहिलं होतं.

"भाऊजी, फ्रिज पुन्हा बंद पडलाय. कुठंतरी पाणी मुरतंय."

"वहिनी, आज पंख्याला मी हातसुद्धा लावलेला नाही."

"मग बॅटरी काय वाऱ्यानं उतरते?"

लसी गरम झालेल्या. सगळ्या फेकाव्या लागल्या. टोचण्यासाठी बांधून ठेवलेली गुरं तशीच सोडली गेली.

दुसऱ्या दिवशी बाईंनी त्याच्याकडून किल्ली मागून घेतली आणि एकट्याच निघाल्या. तो दारात उभा राहून बघत होता.

पोचल्यावर त्यांनी ट्रेलर उघडला. माझा दिवा लालच. फ्रिज कोमट. संशय घ्यायला आज दुसरं कोणी नव्हतंच.

मग त्या इलेक्ट्रिशियनकडे गेल्या. त्याने वायर चिमटीत धरून पाहिली. "ही बारीक वायर दिव्यापुरती ठीक आहे हो. एवढ्या लांब वीज न्यायची तर जाड लागते. जीप बिचारी पाठवतेय, पण वाटेतच जिरतेय."

जाड वायर आली. आता मी पोटभर जेवते. जीपबद्दल मनात काय काय आणलं होतं, ते तिला कळलं नाही हे बरं.

दिराला मात्र सगळं ऐकावं लागलं होतं. बाईंनी माफी मागितली. "असू द्या, वहिनी," म्हणून तो पुन्हा जीप चालवू लागला. पण गाडी थांबली की आता बाहेरच, उन्हात, चाकाला टेकून बसतो.

"भाऊजी, आत बसा ना."

"बरा आहे मी इथं. उद्या काही बिघडलं तर नको."

हल्ली बाई ट्रेलरचं दार सताड उघडं ठेवून जातात. तो तिकडे पाठ करून बसतो. त्याने एकदा तरी पायरी चढून आत यावं, एवढंच माझं मागणं आहे.