मेजरबाईंच्या गाडीची पाटी

मी पाटी बोलतेय. शाळेतली नव्हे आणि दुकानावरचीही नव्हे. मोटारीच्या मागे, नंबराच्या खाली दोन स्क्रूंवर बसवलेली वीतभर लांबीची पत्र्याची पाटी. हिरव्या रंगावर पांढऱ्या अक्षरांत माझ्यावर एवढंच लिहिलंय: पूर्व सैनिक. झाशीत छावणी मोठी, त्यामुळे माझ्यासारख्या पाट्या गल्लोगल्ली दिसतात आणि लोक त्यांना मान देतात. त्या मानाचीच हकीकत सांगायची आहे, आणि ती काही फारशी गोड नाही.

माझा जन्म मानिक चौकाच्या मागच्या गल्लीतला. जो तो मनाला येईल तशी पाटी रंगवून फिरतो, त्यापेक्षा सगळ्यांना एकसारखी द्यावी, असं माजी सैनिकांच्या एका संघटनेनं ठरवलं होतं. नंबराच्या पाटीवर दुसरं काही लिहायची परवानगी नाही, म्हणून ही वेगळी. हे काम परिहारजींकडे होतं. सुभेदार म्हणून निवृत्त झालेला माणूस, आवाज अजून कवायतीच्या मैदानावरचा. रंगाऱ्याच्या दुकानातच टेबल टाकून ते बसायचे, नमुने दाखवायचे आणि फी घ्यायचे.

नमुने दोनच. एकावर बंदूक घेतलेला मिशाळ जवान, दुसऱ्यावर आरतीचं ताट घेतलेली बाई. पहिला फौजींसाठी, दुसरा फौजींच्या बायकांसाठी. दुसऱ्याची फी निम्मी.

एके दिवशी सप्रे पती-पत्नी आले. जनार्दनराव रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून होते, तर अनुसूयाबाई सैन्याच्या नर्सिंग सेवेत मेजर. दोघंही आता निवृत्त. परिहारजींनी खुर्ची सरकवली ती जनार्दनरावांपुढे.

"साहब, कौन सी यूनिट?"

"मैं नहीं जी, मैं तो रेलवे का बाबू. फौज में ये थीं," जनार्दनराव म्हणाले, आणि ते सांगताना त्यांचा चेहरा फुलला होता. हे मी मुद्दाम सांगतेय, कारण पुढचं ऐकल्यावर तुम्ही त्यांना एकदम नावं ठेवाल.

परिहारजी ओशाळले. चूक भरून काढायची म्हणून त्यांनी बाईंना निम्म्या फीची पाटी देऊ केली. अनुसूयाबाई हसल्या नाहीत. "भैया, आधी फीस किस बात की? नौकरी मैंने आधी नहीं की," म्हणाल्या आणि पूर्ण पैसे टेबलावर ठेवले. मग चित्राचा प्रश्न आला. बंदूक घेऊन त्या लढल्या नव्हत्या आणि आरतीचं ताट घेऊन तर मुळीच कुठे गेल्या नव्हत्या. चित्र नकोच, नुसती अक्षरं लिहा, असं ठरलं. नाव संघटनेच्या नियमात बसत नव्हतं.

अशी मी झाले. चित्र नाही, नाव नाही आणि फी मात्र पुरेपूर. "चित्र कमी केलं, तर पैसे तरी कमी करायचे होते!" जनार्दनराव घरी येईपर्यंत कुरकुरत होते.

बाईंना काचबिंदू झालेला, त्यामुळे गाडी जनार्दनरावच चालवायचे. तिथून घोळ सुरू झाला. पाटी बघून लोक चालवणाऱ्यालाच सलाम ठोकतात. पेट्रोल पंपावर, बड्या बाजारात गाडी लावताना, छावणीच्या रस्त्याला, जिथे तिथे "जय हिंद, साहब!" सुरुवातीला जनार्दनराव खिडकीतून डोकं बाहेर काढून समजावायचे की मी नाही, माझी श्रीमती. लोक "अच्छा अच्छा" म्हणायचे आणि पुन्हा त्यांच्याकडेच बघून हसायचे. हळूहळू समजावणं आखूड होत गेलं. मग नुसतं हसू उरलं. एक दिवस त्यांचा हात कपाळाकडे गेलेला मी समोरच्या दुकानाच्या काचेत पाहिला आणि मला कसंसंच झालं.

मग मिशा आल्या. केस बारीक कापून झाले. बाई एकदा म्हणाल्या, "अहो, हे काय नवीन?" तर म्हणे उन्हाळा आहे.

माणूस वाईट नाही हो. मालधक्क्यावर सगळी नोकरी गेली, तिथे त्यांच्याशी जो बोलायचा तो माल कुठे अडकला म्हणून ओरडायलाच. त्यांना पाहून कुणी कधी उठून उभं राहिलं नव्हतं. हे मला कळतं. तरीही मला त्यांचा राग यायचा, आणि बोलता येत नसल्यामुळे तो आत साचत जायचा.

सैनिकांच्या कॅन्टीनमध्ये बाई सामान आणायला आत जायच्या आणि जनार्दनराव गाडीशी थांबायचे. तिथे माणसं जमायची, गप्पा निघायच्या. एकदा मी ऐकलं, ते एका वॉर्डाची गोष्ट सांगत होते. लडाखकडे बर्फात सापडलेले जवान, आणि त्यांतला आपल्या झाशी जिल्ह्यातला एक कोवळा पोरगा. तो तापात फक्त बुंदेली बोलायचा, कुणालाच कळायचं नाही, तर झाशीचा माणूस म्हणून मी त्याच्याशी बोलत बसायचो, असं ते सांगत होते. गोष्ट खरी होती. फक्त ती बाईंची होती. बाईंनी ती याच गाडीत, डोळे पुसत त्यांना सांगितली होती.

पिशव्या घेऊन बाई मागे येऊन उभ्या होत्या. गाडी सुरू झाल्यावर त्यांनी शांतपणे विचारलं, "अहो, त्या गोष्टीत मी कुठे होते?"

"अगं, लोक विचारतात, आता प्रत्येकाला कोण समजावत बसणार!"

बाईंनी विषय सोडून दिला. तेव्हा त्या चिडल्या असत्या, तर बरं झालं असतं.

गेल्या थंडीत संघटनेचं बोलावणं आलं. टहरौली गावात एका शहीद जवानाच्या नावानं रस्त्यावर प्रवेशद्वार उभं राहणार होतं, त्याच्या पायाभरणीला सगळ्या पाटीवाल्यांनी यावं. जवानाचं नाव विक्रम. नाव ऐकताच बाई खाली बसल्या. तोच तो पोरगा होता. त्या म्हणाल्या, "मी येईन. पण तिथे कुणाला काही सांगायचं नाही." जनार्दनरावांनी मान डोलावली.

टहरौलीत गाडी मांडवाच्या मागेच लागली. दार उघडलं आणि हार पडला तो जनार्दनरावांच्या गळ्यात. बाईंना कुणीतरी अगदी आदरानं बायकांच्या बाजूला नेऊन बसवलं. मला दिसत काही नव्हतं, पण भोंगा डोक्यावरच होता. खरं ठाऊक असलेले परिहारजी पाहुण्यांना घ्यायला रस्त्यावर थांबले होते, म्हणून माईक भलत्याच कुणाच्या हातात होता, आणि त्यानं यादी बघून पुकारलं, "मेजर साहब दो शब्द कहेंगे." मी वाट पाहत होते की ते आता तरी म्हणतील, मी नाही. पण भोंग्यातून आलं ते असं: "विक्रम हमारे ही वार्ड में था. मैं उसके पास बैठा था."

मांडव टाळ्यांनी दणाणला.

कार्यक्रम संपल्यावर जनार्दनराव गाडीशी आले, मागे गर्दी, मोबाइल वर धरलेले. तेवढ्यात गर्दीतून एक वाकलेली म्हातारी पुढे आली. विक्रमची आई. तिनं त्यांचा हात धरला.

"भैया, हमाए मोड़ा ने आखिरी बेर का कई ती?"

माझ्या पोरानं शेवटी काय म्हटलं, एवढंच तिला हवं होतं. जनार्दनरावांना ते ठाऊक नव्हतं. बाईंनी ते कुणालाच सांगितलं नव्हतं, नवऱ्यालाही नाही. सगळे कान टवकारून उभे होते. जनार्दनराव म्हणाले, "माताजी, उसने कहा, भारत माता की जय."

गर्दीनं जयजयकार केला. एव्हाना परिहारजीही येऊन पोचले होते. बाईंकडूनच ऐकलं असणार असं धरून ते म्हणाले, "बस, यही शब्द द्वार पर लिखवाएँगे." जनार्दनरावांना घेऊन सगळे जेवणाकडे गेले. म्हातारी तिथेच राहिली. तिनं जयजयकार केला नव्हता. गाडीला टेकून, माझ्याजवळच ती खाली बसली.

अनुसूयाबाई आल्या आणि तिच्यापुढे मातीत बसल्या. बुंदेलीतच म्हणाल्या, वॉर्डात मी होते, ते नव्हते. तुमच्या पोराचे पाय बर्फानं गेले होते, कापावे लागले. तो शेवटी एवढंच म्हणाला, "मताई सें जिन कइयो." आईला सांगू नका. त्यानं सांगितलं म्हणून मी इतकी वर्षं आले नाही.

म्हातारी कितीतरी वेळ आपल्याच पायांवरून हात फिरवत राहिली. "पेटी खोलन नईं दई ती हमें," ती म्हणाली. शव आलेली पेटी कुणी तिला उघडूच दिली नव्हती. मग म्हणाली, "ऐसोई हतो. काँटो लग जात तो, तोऊ नईं बताउत तो." असाच होता तो, काटा रुतला तरी सांगायचा नाही. आणि ती रडली. मी पत्र्याची आहे, पण ते रडणं ऐकवत नव्हतं.

परतीच्या वाटेवर बाई एकदाच बोलल्या. "माझी नोकरी तुम्ही घेतलीत, मी काही म्हटलं नाही. त्या मुलाचं मरण कशाला घेतलंत?"

जनार्दनरावांनी गाडी कडेला घेतली आणि स्टिअरिंगवर डोकं ठेवलं. "काय म्हणाला होता तो?" त्यांनी विचारलं.

"ते त्याच्या आईला सांगितलं. ते गावभर व्हायचं नाही."

दुसऱ्या दिवशी जनार्दनरावांनी स्वतः स्क्रू काढले आणि मला घेऊन परिहारजींकडे गेले. दुकानात टहरौलीच्या दाराची लांबलचक पाटी भिंतीला टेकवून ठेवली होती. विक्रमचं नाव, त्याखाली 'अंतिम शब्द' आणि त्याखाली ते चार शब्द. रंग अजून ओला होता.

"मैं वहाँ था ही नहीं," जनार्दनराव म्हणाले. "मेरी श्रीमती थीं. ये शब्द मैंने अपने मन से कह दिए. मिटा दीजिए."

परिहारजींचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "साहब, पूरे गाँव ने सुना है. मिटाएँगे तो सब पूछेंगे, फिर क्या बोला था?"

"मुझे नहीं मालूम. जगह खाली छोड़ दीजिए."

"शहीद के द्वार पर खाली जगह?" परिहारजींनी मान हलवली. "रहने दीजिए. शब्द तो अच्छे ही हैं न?"

जनार्दनराव पुन्हा पुन्हा सांगत राहिले. शेवटी परिहारजींनी त्यांना चहा पाजला आणि रिक्षात बसवून दिलं. दार बांधून होताच ती पाटी टेम्पोत चढली.

आता मी याच दुकानात खिळ्याला टांगलेली आहे. गिऱ्हाइकं येतात, मला बोटानं दाखवून म्हणतात, अशी साधी बनवा. जनार्दनराव दोनदा येऊन गेले, त्या दाराबद्दल विचारून गेले. मिशा काढल्यात त्यांनी. मला परत न्यायचं मात्र ते नाव काढत नाहीत, आणि माझाही हट्ट नाही.

तुम्हाला एक विनंती आहे. कधी टहरौलीला गेलात, तर त्या दारावर ते शब्द दिसतील. शब्द चांगले आहेत, थांबून वाचा, हातही जोडा. पण दाराजवळच्या ओट्यावर एक म्हातारी बसलेली असते. तिला वाचता येत नाही. ती येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारते, वर काय लिहिलंय. तिला फक्त तिच्या मुलाचं नाव वाचून दाखवा, आणि तिथेच थांबा.