दोर वळणाऱ्यांच्या जागी

"हे आपलं घर नव्हे," म्हातारी म्हणाली. "आपली चूल नदीच्या अंगाला होती."

सुतार गोंधळला. संध्याकाळच्या नाटकासाठी तो रंगमंचावर गरिबाचं घर उभारत होता. त्याने म्हातारीसोबत आलेल्या शिवणकामवालीकडे पाहिलं.

"माझी आई," ती म्हणाली. "पूर्वी इथेच राहायची."

नदीकाठच्या या जागेवर एके काळी दोर वळणाऱ्यांची वस्ती होती. एका पुरात ती धुऊन गेली. शिवणकामवाली तेव्हा लहान. तिचा धाकटा भाऊ त्या पाण्यात गेला, तो सापडलाच नाही. वाचलेल्यांना टेकडीवर खोल्या मिळाल्या. जागा ओस पडली, मग तिथे लाकडाची वखार आली, वखार जळाली आणि शेवटी नाट्यगृह उभं राहिलं. पोटासाठी लेकीने तिथे नटनट्यांचे कपडे शिवायचं काम धरलं, तेव्हा आईने आकाशपाताळ एक केलं होतं.

"माझं लेकरू गेलं तिथे, नि तू झालरी लावत बसणार?"

त्यानंतर मायलेकींतलं बोलणंच आटलं. आपण वाचलो हेच आईला सलतंय, असं लेकीने मनाशी धरलं आणि ते धरूनच तिची उमर सरली.

आता आईची नजर चालली होती. आज सकाळी तीच आपणहून म्हणाली, "दिसतंय तोवर एकदा ने."

आई त्या खोट्या घराच्या उंबऱ्यावर टेकली.

"दोघांनाही धरलं होतं मी," ती म्हणाली. "पाणी छातीला लागलं नि त्याचा हात सुटला. मग तुझा असा आवळला, की तू कळवळून ओरडत होतीस, सोड, सोड म्हणून. मी नाही सोडला."

लेक म्हणाली, "मला वाटायचं, त्याच्याऐवजी मी गेले असते तर..."

"गप! वेडी का खुळी तू?" आईचा आवाज कापला. "तुझ्याकडे बघितलं की तो आठवायचा गं. म्हणून बघायचंच टाळलं. आता बघेन म्हणते, तर डोळे साथ देईनात. जरा उजेडात ये."

लेक पुढे सरकली. सुतार विंगेत गेला आणि त्याने वरचा दिवा लावला.

आईने तिची हनुवटी धरून तोंड दिव्याकडे वळवलं. बराच वेळ ती न्याहाळत राहिली.

"केस किती पिकले गं तुझे," ती म्हणाली.