घट्ट नेफा

शिंपीणबाईंचा स्वभाव असा, की कापड वळणावर आलं नाही तर इस्त्रीखाली घ्यायचं आणि पोर आलं नाही तर हाताखाली. त्यांची पोर सात वर्षांची. घरात सगळे तिला भिंगरी म्हणत, कारण एका जागी बूड टेकेल तर शपथ. वर्गात बाकावर बसवली की लगेच तिची कंबर हलायला लागे. धडा राहायचा एकीकडे, अक्षरं ओळ सोडून भलतीकडे. शेवटी वर्गाच्या बाईंनी स्पष्टच सांगितलं, "या सत्रात नीट बसायला शिकली नाही, तर तिला इथं ठेवता येणार नाही."

शिंपीणबाईंच्या ते जिव्हारी लागलं. नवरा म्हणाला, "अगं, लहान आहे अजून."

"तुमच्या लाडानंच डोक्यावर बसलीय," म्हणत त्यांनी मशीन उघडलं. शाळेच्या स्कर्टच्या नेफ्यातलं इलॅस्टिक चांगलं आखूड केलं आणि वरून जाड पट्टी दुहेरी टाके घालून बसवली. अंगाला घट्ट कोट चढला की ढिला माणूसही ताठ बसतो, हे त्यांनी गिऱ्हाइकांत जन्मभर पाहिलेलं.

भिंगरी आणखीच वळवळायला लागली. म्हणजे आगीतून फुफाट्यात. मग रोज संध्याकाळी अभ्यास, आणि हलली की पाठीत रट्टा. "मी नाही गं हलत आई, आपोआप होतं," ती रडत म्हणायची. आपोआप म्हणे! पाय मारल्याशिवाय मशीनसुद्धा चालत नाही. हात दुखायला लागला तेव्हा शिंपीणबाईंनी कापड मोजायचा लाकडी गज घेतला.

नवऱ्यानंच अखेर हट्टानं दोघींना मुलांच्या थेरपिस्टकडे नेलं. तिनं भिंगरीला चटईवर रांगल्यासारखं ओणवं केलं, ब्लाउज वर सरकवला आणि मणक्याच्या एका बाजूनं हलकंच बोट ओढलं. कंबर झटकन त्याच बाजूला वळली. दुसऱ्या बाजूनं ओढलं, तर त्या बाजूला.

"मूल ही प्रतिक्षिप्त क्रिया घेऊनच जन्माला येतं," थेरपिस्ट म्हणाली. "वर्षभरात ती जायला हवी, हिची राहिलीय. पाठीला, कंबरेला काही टोचलं किंवा आवळलं, की अंग वळतं. ती मुद्दाम करत नाही. सगळा जीव बसण्यातच खर्च होतो, मग अक्षराला काय उरणार? व्यायाम देते, बराच फरक पडेल." मग तिनं स्कर्टला हात लावला. "हे इतकं घट्ट कुणी शिवलं?"

"मी," शिंपीणबाई म्हणाल्या. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. कंबरेभोवती नेफ्याचा लाल वळ होता आणि त्याच्या वर गजाचे. थेरपिस्टनं दोन्ही पाहिले.

शिंपिणीच्या पिशवीत छोटी कात्री असतेच. नेफा तिथल्या तिथे उसवून टाकावा म्हणून त्या चटईवर उठून बसलेल्या लेकीकडे वाकल्या. आईचा हात पुढे आलेला दिसताच भिंगरीनं डोळे मिटले, मान खांद्यात ओढली, श्वास धरला आणि बसून राहिली. तिची कंबर जराही हलली नाही. जिच्या स्थिर बसण्यासाठी घर डोक्यावर घेतलं, ती आता दगडासारखी बसली होती.

"हेसुद्धा जन्मापासूनच असतं का हो?" शिंपीणबाईंनी विचारलं.

"नाही," थेरपिस्ट म्हणाली.

नवरा खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. बाईंचा जीव तुटत होता, पण लेकीला जवळ घ्यायचा धीर होईना. त्या खाली बसून टाके उसवायला लागल्या. दुहेरी घातलेले, ते काही लवकर निघेनात.