शिंप्याची इस्त्री आणि कोबीचं पाणी

मित्रांनो, मी एक जुनी इस्त्री आहे, आणि गेली वीसेक वर्षं मी एकाही कपड्याला शिवलेली नाही. माझ्या पोटात तारा नाहीत, दिवा नाही, बटण नाही. मी सबंध ओतीव लोखंडाची, सहा किलोंची, लाकडी मुठीची. मला शेगडीवर तापवावं लागायचं. आजकालच्या प्लास्टिकच्या इस्त्र्या माझ्या शेजारी ठेवल्या तर मला हसू येतं. पण ते असो.

माझा मालक शिंपी होता. कोटाची कॉलर बसवायची तर माझ्याशिवाय त्याचं पान हलत नसे. तो मला तापवायचा, बोटाने पाण्याचा एक थेंब टाकायचा आणि थेंब नाचला की म्हणायचा, "झाली राणीसाहेब तयार." मला ते आवडायचं. मी मुळातच गर्विष्ठ आहे, उगाच कशाला लपवू?

शिंप्याला दोन मुली. थोरली शहाणी, हिशेबाने वागणारी. धाकटी लाघवी, सगळीकडे हात घालणारी. पाच वर्षांची असताना तिने माझ्याकडेही हात केला. डाव्या मनगटावर माझ्या टोकाचा त्रिकोणी डाग उठला. ती रडून रडून झोपली. मला वाईट वाटलं का, असं विचाराल तर नाही वाटलं. तापलेल्या लोखंडाला वाईट वाटत नाही.

शिंपी गेला तेव्हा मुली मोठ्या झाल्या होत्या. दुकान रिकामं केलं. धाकटीने एकच वस्तू मागितली, ती म्हणजे मी. थोरली म्हणाली, "अगं, ती मशीनबरोबर गेली विकली." तेव्हा मी थोरलीच्या पिशवीत तळाशी होते. तिला माझा काही उपयोग नव्हता. धाकटीने मागितलं होतं, एवढंच तिला पुरलं.

थोरलीच्या नवऱ्याचं भाजलेल्या कोंबडीचं दुकान होतं. समोर काचेची भट्टी, तिच्यात फिरत्या सळया, मागे लांबट स्वयंपाकघर आणि त्यामागे कोठीची खोली. तो भट्टी सांभाळायचा. थोरली कोंबडीबरोबर द्यायचा कोलस्लॉ करायची. बारीक चिरलेला कोबी, किसलेलं गाजर, घरी घोटलेलं दाट मेयोनेज, त्यात व्हिनेगर, थोडी मोहरी, चिमूटभर साखर, मिरपूड. सकाळी कालवला की पांढराशुभ्र, मलईदार. आणि दुपारपर्यंत त्याच्या तळाशी पाणी. लोक कोंबडी चाटूनपुसून खायचे आणि कोबीची वाटी तशीच ठेवून जायचे. थोरलीला ते फार लागायचं.

एके दिवशी तिने चिरलेल्या कोबीला मीठ लावून तो चाळणीत ठेवला, चाळणीखाली पातेलं ठेवलं आणि तेवढ्यात तिला कोणीतरी बाहेर बोलावलं. कोठीत मांजर यायचं. म्हणून तिने कोबीवर ताटली झाकली आणि ताटली हलू नये म्हणून वर मला ठेवलं. तासाभराने येऊन पाहते तर पातेल्यात दोन वाट्या पाणी! तिने कोबी मुठीने पिळला, पुसला, मग मेयोनेजमध्ये कालवला. रात्री दुकान बंद करेपर्यंत थेंब सुटला नाही. दुसऱ्या दिवसापासून मी रोज ताटलीवर बसू लागले. महिन्याभरात लोक कोंबडी विसरून कोलस्लॉ मागायला लागले. भट्टीवाला नवरा म्हणायचा, "हिच्या हाताला चव आहे." थोरली लाजायची. मी खाली दबलेल्या कोबीकडे बघायचे आणि म्हणायचे, कोणाच्या हाताला?

आता ऐका, मित्रांनो, कारण इथून पुढचं माझ्याकडून कोणी वदवून घेतलेलं नाही.

धाकटीने लग्न केलं नाही. तिलाही दुकान काढायचं होतं, दोन गल्ल्या सोडून, नुसतं सॅलडचं आणि सँडविचचं. ती थोरलीकडे आली आणि म्हणाली, "ताई, मला कोलस्लॉ शिकव ना." थोरलीने तिला जवळ बसवून शिकवलं. कोबी किती बारीक चिरायचा, तेल किती थेंबाथेंबाने घालायचं, व्हिनेगर कधी घालायचं, मोहरी किती. मीठ कधी, तर शेवटी, कालवताना. मी त्या वेळी कोठीत व्हिनेगरच्या कॅनमागे होते. थोरलीने दाराला आतून-बाहेरून कड्या लावल्या असत्या, तरी तिला त्या कमीच वाटल्या असत्या.

धाकटीचं दुकान चार महिने चाललं. पहिल्या आठवड्यापासून तिचा कोलस्लॉ दुपारपर्यंत पाणी सोडायचा. गिऱ्हाईकं म्हणायची, "बाई, चमचा नको, नळीच द्या, कोबी प्यायचा आहे." ती हसायची आणि संध्याकाळी डबे ओतून द्यायची. चौथ्या महिन्यात थोरली बघायला गेली. घरी आल्यावर तिने नवऱ्याला सगळं रंगवून सांगितलं, म्हणून मला कळलं. तिने एक घास खाल्ला, धाकटीचा हात हातात घेतला आणि म्हणाली, "अगं, तुझे हात बघ किती गरम! गरम हात लागला की कोबीला घाम फुटतो. त्याला तू तरी काय करणार? जन्माचंच आहे ते."

दुकान बंद झालं. थोरलीने मोठ्या मनाने बहिणीला आपल्याकडे कामाला ठेवलं. गल्लीत सगळ्यांनी तिचं कौतुक केलं.

थोरली पहाटे एकटी यायची, कोठीची कडी लावायची, कोबीला मीठ लावायची, वर मला बसवायची. धाकटी नऊला येईपर्यंत मी पुन्हा प्लास्टिकच्या पिशवीत, कॅनमागे. ओली, मिठाळलेली. मला कधी कोणी पुसलं नाही. धाकटीला दिसायचा तो फक्त परातीतला कोरडा, चिरलेला कोबी. तिला वाटायचं, ताई सकाळी लवकर येऊन चिरून ठेवते.

थोरलीचा खांदा दुखायला लागल्यावर कालवायचं काम धाकटीकडे आलं. डावाने ढवळलं तर कोबी मोडतो, म्हणून हातानेच कालवायचं. आणि त्याआधी बर्फाच्या पाण्यात दोन्ही हात घालून शंभरपर्यंत मोजायचं, मोठ्याने. थोरली शेजारी उभी राहून ऐकायची. साठाच्या पुढे धाकटीचा आवाज कापायला लागायचा. थंडीच्या दिवसांत तिची बोटं आधी लाल व्हायची, मग निळसर. नखांच्या कडेला चिरा पडायच्या आणि त्यात व्हिनेगर जायचं. पण कोलस्लॉ उत्तम व्हायचा. पाण्याचा टिपूस नाही. धाकटी खूश होऊन म्हणायची, "ताई, तू सांगितलंस म्हणून. बर्फाने खरंच फरक पडतो गं!"

अठरा वर्षं, मित्रांनो. मी कोठीतून रोज ते मोजणं ऐकलं. आणि खरं सांगू? मला मजा यायची. एका पोरीची अख्खी उमेद माझ्या बुडाखाली होती आणि तिला मी कुठे आहे हेही माहीत नव्हतं. शिंप्याच्या दुकानात मी राणीसाहेब होते. इथे तर मी गुपित होते. गुपिताचा मान राणीपेक्षा मोठा असतो, असं मला तेव्हा वाटायचं.

मग थोरली विसरायला लागली. आधी गिऱ्हाइकांची नावं गेली. मग एकाच मेयोनेजमध्ये दोनदा साखर पडली. एका पहाटे ती कोठीत आली, कोबी चिरला, परात उचलली आणि निघून गेली. मी पिशवीत वाट बघत बसले. दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्याही. माझ्याकडे तिने पाहिलंदेखील नाही. तिने मला इतकं नीट लपवलं होतं की मी तिलाही सापडत नव्हते.

कोलस्लॉला पाणी सुटलं. थोरली परातीपुढे उभी राहून त्यात बोट फिरवायची. काहीतरी राहिलं आहे एवढंच तिला कळायचं. मग ती वळायची आणि ओरडायची, "तू हात नीट बुडवले नाहीस!" धाकटी माफी मागायची. तिने मोजणं दोनशेपर्यंत नेलं. पाणी काही थांबलं नाही. भट्टीवाला भावजी म्हणाला, "राहू दे आता कोलस्लॉ. नुसती कोंबडी विकू." त्यावर धाकटी म्हणाली, "माझ्यामुळे बंद नका करू, भावजी. मी बाहेरची कामं करते. मी हातच लावत नाही."

त्याच आठवड्यात ती कोठी साफ करायला आली. कॅन बाजूला झाले, पिशवी निघाली. तिने मला बाहेर काढलं आणि आधी ओळखलंच नाही, इतकी मी गंजले होते. मग तिने डावं मनगट माझ्या टोकाशी धरलं. डाग तिच्याबरोबर वाढला होता, मी होते तेवढीच होते.

"बाबांची इस्त्री," ती म्हणाली.

तिच्या तोंडावर आनंद होता, अगदी लहान मुलीसारखा. तो तेवढ्यावर थांबला असता तर बरं झालं असतं. पण तिला माझ्या मुठीला चिकटलेला कोबीचा वाळका तंतू दिसला. मग बुडाशी पांढरं मीठ. मग पिशवीतली ताटली, जिच्या मधोमध माझ्या आकाराचा गंजाचा ठसा होता. ती जमिनीवर बसली. अठरा वर्षं स्वयंपाकघरात काढलेल्या बाईला आणखी काही सांगावं लागत नाही. तिने आपले दोन्ही हात उलटेसुलटे करून पाहिले आणि कितीतरी वेळ पाहत राहिली.

दुसऱ्या दिवशी पहाटे ती आली. तिने कोबीला मीठ लावलं, चाळणीत घातला, वर मला ठेवलं आणि समोर बसून पातेल्यात पडणारा एकेक थेंब बघितला. मग पिळला, पुसला आणि तशाच गरम हातांनी कालवला. संध्याकाळपर्यंत कोलस्लॉ मलईसारखा घट्ट. थोरलीने चमचाभर खाल्लं.

"कोणी केलं हे?"

"मी."

"खोटं बोलू नकोस. तुझे हात गरम आहेत."

बघा मित्रांनो, थोरली मीठ विसरली, चाळणी विसरली, मला विसरली. स्वतः रचलेलं खोटं तेवढं तिच्या पक्कं लक्षात होतं. तिने सवयीने बर्फाचं भांडं पुढे सरकवलं. "घाल हात. शंभर मोज."

धाकटीने भांड्याकडे पाहिलं. मग थोरलीची दोन्ही मनगटं धरली आणि पाण्यात दाबली.

"तू मोज, ताई."

थोरली दचकली, पण तिने मोजायला सुरुवात केली. बत्तीसपर्यंत गेली आणि थांबली. "किती झाले गं?"

"पुन्हा पहिल्यापासून."

ती सत्तावीसपर्यंत आली आणि अडकली. "गार लागतंय. कितवा होता?"

"पहिल्यापासून, ताई."

तिसऱ्या वेळी ती अकरापर्यंतच पोचली. ती रडत होती आणि का रडते आहे ते तिला सांगता येत नव्हतं. भट्टीवाला दारात येऊन उभा राहिला होता. त्याला काहीच कळलं नाही. मला सगळं कळत होतं आणि पहिल्यांदाच मला मजा आली नाही. मग धाकटीने पकड सोडली. थोरलीची निळी पडलेली बोटं तिने पदराने टिपली आणि आपल्या दोन हातांमध्ये धरून चोळत बसली.

"किती गरम आहेत गं तुझे हात," थोरली म्हणाली. "बरं वाटतंय."

धाकटी चोळतच राहिली.

आता मी ओट्यावर उघडी असते. सगळ्यांच्या देखत कोबीवर बसते. थोरली खुर्चीवरून मधूनच विचारते, "ही कोणाची इस्त्री?" धाकटी सांगते, "बाबांची." थोरली म्हणते, "ती तर विकली ना आपण?" धाकटी म्हणते, "हो ताई, विकली." आणि काम संपलं की मला रोज गरम पाण्याने पुसते, तेलाचं बोट फिरवते. तरी माझ्या बुडावरचे खड्डे आता भरून येणार नाहीत.

म्हणून मित्रांनो, या म्हाताऱ्या इस्त्रीचं एवढंच मागणं आहे. कोणत्याही वस्तूला मीठ लागलं तर ते त्याच दिवशी पुसा. अठरा वर्षांनी पुसायला बसलात, तर मीठ निघतं. त्याने खाल्लेलं परत येत नाही.