भिंतीवरचा परवाना

डबे भरून झाल्यावर सूनबाईच्या लक्षात आलं, सासरे रक्तदाबाची गोळी ओट्यावरच विसरून गेले होते. नवरा फोन उचलेना. तिने लेकीला सासूबाईंकडे सोपवलं, गोळी खिशात टाकली आणि सायकल काढली. धावपट्टी जेमतेम दहा मिनिटांवर. पण वर्षभरात तिचं तिकडे पाऊल पडलं नव्हतं.

धावपट्टीकडेचा विमानदुरुस्तीचा कारखाना सासऱ्यांचा. उड्डाणशाळेची तीन विमानं त्यांच्याकडेच सांभाळायला असत. काम झालं की तपासून सही करायची ती परवानाधारकाने, आणि त्या घरात परवाना होता एकट्या सूनबाईचा. तो ऑफिसच्या भिंतीवर काचेत दिमाखात लटकत असे. ती स्वतः मात्र मुलगी झाल्यापासून घरात होती. "बाळ मोठं होऊ दे, घाई कसली?" सासरे म्हणत. "बाहेरून एक तपासनीस येतो," असं नवऱ्याने सांगितलं होतं. तिने विश्वास ठेवला.

हँगरमध्ये उड्डाणशाळेच्या कॅप्टनबाई विमानाच्या शेपटीचं झाकण उघडून आत वाकल्या होत्या. त्यांची विद्यार्थिनी आज प्रथमच एकटी उडणार होती. ती बाजूला उभी राहून नखं खात होती.

"बरं झालं आलीस," कॅप्टनबाई म्हणाल्या. "केबल पुसताना फडकं अडकतंय बघ."

सूनबाईने फडकं घेतलं, सुकाणूच्या केबलभोवती धरलं आणि हळूच सरकवलं. कप्पीजवळ फडक्याचे धागे ओढले गेले. तिने केबल जराशी वाकवली, तर तुटलेल्या बारीक तारा ब्रशच्या केसांसारख्या उभ्या राहिल्या. कप्पी गंजून घट्ट बसली होती आणि केबल तिच्यावर घासून घासून अर्धी झाली होती.

"ही चार दिवसांची झीज नाही," ती म्हणाली. "हे झाकण कित्येक महिने कुणी उघडलेलं नाही. कोण तपासतं हे?"

कॅप्टनबाई तिच्याकडे बघतच राहिल्या. मग त्यांनी नोंदवही पुढे केली. "मंगळवारी. केबल आणि कप्प्या तपासल्या, ठीक. खाली तुझी सही आहे."

मंगळवारी ती तापाने फणफणलेल्या लेकीच्या उशाशी बसून होती. पण सही हुबेहूब तिचीच होती, शेवटच्या अक्षराच्या शेपटीसकट. लग्न ठरल्यावर नवरा ती गिरवून दाखवायचा आणि ती हसून हसून बेजार व्हायची.

तेवढ्यात नवराच आला. वही बघून त्याचा चेहरा उतरला. "घरी बोलू ना," तो पुटपुटला.

"तपासनीस कुठाय?"

त्याने वही मिटायला हात पुढे केला.

सासरे मागोमाग आले. "एवढं काय आकाश कोसळलं? केबल बदलून टाकू. सही घरचीच आहे. तू केलीस काय नि त्याने केली काय!"

"आणि ही पोर वर गेल्यावर केबल तुटली असती तर? माझ्या नावाने मेली असती ती, बाबा."

सासरे विद्यार्थिनीकडे बघायचं टाळत राहिले.

लग्नाआधी तिला बघायला आलेली ही माणसं सूनबाईला आठवली. "आम्हाला काही नको, नुसती मुलगी द्या," सासरे म्हणाले होते, आणि तिच्या वडिलांचे डोळे भरून आले होते. परवाना तेवढा त्यांनी हातात घेऊन दोनदा वाचला होता. काही नको म्हणत त्यांनी हवं ते नेलं होतं. सोबत ती आली होती.

राग त्यांचा आला, तसा स्वतःचाही. वर्षभरात एकदाही आपण विचारलं का नाही?

"तिन्ही विमानं थांबवा," ती कॅप्टनबाईंना म्हणाली. "आणि आजच वर विमान खात्याला कळवा. माझा परवाना गेला तरी चालेल."

मग ती लाकडी पेटीवर बसली, वही मांडीवर घेतली आणि मंगळवारच्या नोंदीखाली लिहिलं : ही सही माझी नाही. खाली खरी सही केली. पान उलटलं. तिथेही तेच. त्याच्या मागच्या पानावरही.

"अगं, आपलं घर बुडेल," नवरा काकुळतीला आला.

"ती वही ठेव खाली," सासरे गरजले, "नाहीतर आज उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायचं नाही!"

तिने मान वर केली नाही. खिशातली गोळी काढून त्यांच्यापुढे धरली.

"ही घ्या आधी, बाबा. मला वेळ लागेल. अजून बरीच पानं आहेत."