घरात लोड किती?

शेलार गावच्या पंढरीशेठ भोईरांना कुणी प्रश्न विचारला आणि उत्तर आलं नाही, असं कधी झालं नव्हतं. उत्तर बरोबरच असलं पाहिजे अशी मात्र त्यांची अट नव्हती. गावात त्यांना याच कारणासाठी मान होता आणि याच कारणासाठी लोक त्यांना रस्ता विचारत नसत.

पण गेल्या दिवाळीपासून एक प्रश्न त्यांना छळत होता. बायकोची, गोदूबाईंची फुप्फुसं अधू झाली होती आणि त्यांच्या पलंगाशी ऑक्सिजनचं मशीन आलं होतं. दिवसाचे पंधरा तास नळी नाकाला हवीच, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मशीन विजेवर चालायचं आणि वीज स्वतःच्या मर्जीवर. मदतीला छोटा सिलिंडर होता, पण तो तासाभरात संपे. शुक्रवारी दुरुस्तीसाठी लाइट गेली की चार-चार तास यायची नाही.

लाइट गेली की गोदूबाई उठून बसायच्या. पाठीला लोड लावला तर तो सरकायचा. मग पंढरीशेठ स्वतःच पलंगावर चढून त्यांच्या पाठीला पाठ लावून बसायचे. "येल, आत्ता येल लाइट," असं म्हणत राहायचे. त्यांना फार भीती वाटायची. ती गोदूबाईंना दिसू नये म्हणून तर तोंड दुसरीकडे करून बसणं त्यांना सोयीचं पडायचं.

मुलगा मनोज म्हणाला, "जनरेटर घेऊ या, बाबा. हळदीला डीजेला पन कामाला येल."

मागच्या शुक्रवारी त्याने शेजारच्या यादवचा जनरेटर आणून खिडकीखाली चालवूनही दाखवला. लाइट आली, मशीन सुरू झालं आणि पाचव्या मिनिटाला सगळा धूर खिडकीतून आत आला. गोदूबाईंनी खोकत खोकत जनरेटरचा, डीजेचा आणि मनोजचा यथासांग उद्धार केला. जनरेटर परत गेला.

तेव्हा पंढरीशेठ सोमवारी उठले आणि रिक्षाने भिवंडीत धामणकर नाक्याला गेले. तिथे मितेशचं इन्व्हर्टर-बॅटरीचं दुकान होतं. पोरगा हुशार, पण त्याचे दोन फोन सतत वाजत असत.

"इन्व्हर्टर पायजे," पंढरीशेठ म्हणाले. "चांगला. भरवशाचा."

"देतो ना, काका. आधी सांगा, घरात लोड किती?"

प्रश्न जरा घरगुती वाटला. पण घरात पाहुणेरावळे किती येतात याचा हा अंदाज घेत असेल, असं पंढरीशेठना वाटलं. उत्तर तयार होतं.

"आठ. चार मोठं, चार बारकं."

मितेशने मान वर केली. "आठ? मोठे म्हणजे दीड टनाचे?"

"टनाचा म्हाईत न्हाय. पन एकेक उचलायला दोन मानसं लागतान."

"आणि सगळे एकदम चालतात?"

"हळदीला सगलं एकदम काढतो. येरवी दोन बैठकीत, बाकीचं माल्यावर."

"माळ्यावर पण!" मितेशच्या आवाजात आदर आला. भिवंडीत जमिनीच्या भावाने कुणाकुणाच्या घरात काय काय आलंय ते त्याला ठाऊक होतं. "सर्व्हिसिंग वेळेवर करता ना?"

"दर दिवालीला सून सगली कव्हरं काढून धुते."

"बेस्ट. तेच तर कोणी करत नाही," मितेश म्हणाला, आणि दुसरा फोन कानाला लावत त्याने वहीत आठ एसी लिहून टाकले.

गुरुवारी मितेश टेम्पो घेऊन दारात आला. त्यात कपाटाएवढं मशीन आणि सोळा बॅटऱ्या दिसत होत्या. सून उन्नती पदर खोचून बाहेर आली आणि म्हणाली, "बाबा, आपन लूमचा कारखाना टाकताव का?"

मनोज म्हणाला, "जिन्याखाली ठेवा. गॅसच्या बाटल्यांच्या शेजारी जागा हाय."

"अजिबात नाही!" मितेश ओरडलाच. "चार्ज होताना बॅटरीतून पेट घेणारा वायू निघतो. कोंडलेल्या जागेत ठेवायच्या नाहीत, गॅसजवळ तर नाहीच. मागचा व्हरांडा मोकळा आहे, तिथे ठेवू. काकींच्या खोलीपासून लांबही आहे. आता मला ते आठ एसी दाखवा."

"एसी? एसी तर एकच हाय. मनोजच्या खोलीत."

"मग आठ लोड कुठले?"

"असा बोल ना!" पंढरीशेठ म्हणाले. त्यांनी अभिमानाने बैठकीतले दोन दाखवले आणि मनोजला शिडी लावून माळ्यावरचे सहाही खाली काढायला लावले. लाल मखमलीचे, सोनेरी गोंड्यांचे, कापसाने ठासून भरलेले आठ लोड मितेशसमोर ओळीने पडले. कव्हरं खरंच स्वच्छ धुतलेली होती.

मितेश त्यातल्याच एका मोठ्या लोडावर बसला आणि पोट धरून हसला. उन्नतीने पदर तोंडात कोंबला. आतल्या खोलीतून गोदूबाईंचा धापा टाकत हसण्याचा आवाज आला. पंढरीशेठ तांबडेलाल झाले. तीस वर्षं त्यांनी लोडशेडिंगला शिव्या घातल्या होत्या. त्यातला लोड कसला, हे एकदाही विचारलं नव्हतं.

"बरा, झाला हसून?" ते म्हणाले. "आता आमचा खरा लोड कवढा ता तूच बग. मना काय कलत न्हाय."

हे वाक्य त्यांच्या तोंडून त्या घरात पहिल्यांदाच ऐकू आलं. उन्नतीचं हसू थांबलं.

मितेशने ऑक्सिजनच्या मशीनमागची पट्टी वाचली, हिशोब केला. छोटा इन्व्हर्टर आणि दोन बॅटऱ्या पुरे. मशीन, एक पंखा आणि एक दिवा, पाच तास आरामात. मनोज म्हणाला, त्यावरच एसी पण टाकू. उन्नतीला मिक्सर हवा होता.

"सगळं टाकलं तर अर्ध्या तासात बंद पडेल," मितेश म्हणाला.

"तिच्या खोलीची वायर सोडून दुसऱ्या कशाला हात लावायचा न्हाय," पंढरीशेठ म्हणाले. "एसी पायजे त्यानं गच्चीवर जाऊन बसावा."

टेम्पो परत गेला आणि संध्याकाळी लहान सामान आलं. मितेशने बॅटऱ्या व्हरांड्यात बसवल्या, मेन स्विच पाडून मशीन चालतंय याची खात्री करून दिली आणि जाताना पंढरीशेठच्या पाया पडला. हसल्याबद्दल असावं.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. अकरा वाजता लाइट गेली. पंढरीशेठ अंगणात होते. ते सवयीने धावत सुटले, वाटेत मोठा लोड काखेत मारला आणि धापा टाकत खोलीत शिरले.

पंखा फिरत होता. मशीन घुरघुरत होतं. गोदूबाई नळी लावून आरामात मोबाइलवर मालिका बघत होत्या.

"काय झाला?" त्यांनी विचारलं.

"लाइट गेली."

"गेली? मना कललाच न्हाय."

पंढरीशेठ लोड धरून तसेच उभे राहिले. त्यांना इतकं हलकं वाटलं की डोळे भरून आले, आणि त्याच वेळी या घरात आता आपलं काही काम उरलं नाही असंही वाटलं. ते दाराकडे वळले.

"अवं, कुठं चाललाव?" गोदूबाई उठून बसल्या. त्यांनी मोबाइल बाजूला ठेवला आणि पलंगावर मागे जागा करून दिली. "त्या पोराला तुमी लोड चुकीचं सांगितलंव. आठ न्हाय, नऊ हान."

पंढरीशेठनी कापसाचा लोड जमिनीवर ठेवला आणि पलंगावर चढून त्यांच्या पाठीला पाठ लावली. तीन वाजता लाइट आली, तरी ते उठले नाहीत.