मुलांची संख्या

समितीचे पत्र आले तेव्हा सिंगापुरात सार्सची साथ होती आणि पाया लेबार भागातल्या जहाज कंपनीच्या कचेरीत दिवसातून दोनदा प्रत्येकाचे तापमान घेऊन तक्त्यावर लिहिले जात असे. त्यामुळे पत्रात विनायक मोघेला प्रत्यक्ष बोलावलेले नव्हते. साक्ष दूरध्वनीवरून घेतली जाईल, ती शपथेवर असेल आणि तिची अक्षरशः नोंद होईल, असे त्यात म्हटले होते.

प्रकरण गेल्या नोव्हेंबरातले होते. दक्षिणेकडच्या एका देशात आश्रय मागायला निघालेल्या सुमारे दोनशे माणसांची लाकडी बोट संध्याकाळच्या सुमारास उलटली. तिसऱ्या दिवशी मच्छीमारांना एकेचाळीस जण जिवंत सापडले. त्या देशाच्या अधिकाऱ्यांनी सांगितले की, अशी बोट समुद्रात असल्याचे आम्हाला तिसऱ्या दिवसापर्यंत ठाऊकच नव्हते. त्यांना काय ठाऊक होते आणि केव्हापासून, एवढेच ठरवण्यासाठी तिथल्या संसदेने समिती नेमली होती. समितीला मिळालेल्या कागदांत एक कागद बोट उलटली त्याच दिवशी सकाळी नऊ पंचवीसला सिंगापूरहून त्या अधिकाऱ्यांकडे गेलेला होता. तो विनायकने लिहिलेला होता.

विनायक मालवाहू जहाजे चालवणाऱ्या एका कंपनीत अकरा वर्षे संदेशांचे काम पाहत होता. कप्तान युक्रेनचे, क्रोएशियाचे, ब्रह्मदेशाचे. प्रत्येकाचे इंग्रजी निराळे आणि बहुतेकांचे पाल्हाळिक. म्हणून कंपनीत एक रीत पडली होती. कप्तानाचे शब्द जसेच्या तसे कधी बाहेर जात नसत. विनायक त्यांतला आशय छापील नमुन्यात बसवी आणि मूळ संदेश फाइलीत लावी. नमुन्यातला एखादा रकाना रिकामा राहिला की समोरून हमखास विचारणा येते, हे अनुभवाने कळल्यामुळे तो रकाना रिकामा ठेवीत नसे. कमीत कमी शब्दांत काम भागवण्याबद्दल त्याची ख्याती होती आणि ती त्याला आवडत असे.

त्या सकाळी एका कप्तानाने लिहिले होते: ‘सहा चाळीसला लाकडी बोट दिसली. पाण्यात फार खाली बसलेली. माणसे दोनशे असतील, बायका आणि मुले छपरावर. एक बाई मूल दोन्ही हातांनी उंच धरून आम्हाला दाखवत होती. आम्ही भोंगा वाजवला आणि पुढे निघालो.’

विनायकने जागा, वेळ, दिशा लिहिली. माणसे: अंदाजे दोनशे. मदतीची मागणी, या रकान्याबद्दल कप्तानाने काहीच म्हटले नव्हते. विनायकने तिथे ‘नाही’ असे लिहिले. बायका, छप्पर आणि उंच धरलेले मूल यांना नमुन्यात जागा नव्हती. ती वाक्ये गळली.

अधिकाऱ्यांचा सगळा बचाव याच कागदावर उभा होता. त्या समुद्रात बेटाबेटांवरचे मजूर अशाच बोटींतून ये-जा करतात. दोनशे माणसे म्हणजे मजूर असणार, आणि त्यांनी मदतही मागितलेली नव्हती. मग आम्ही विमान कशासाठी पाठवायचे होते?

समितीला ठाऊक नव्हते ते पुढेच होते. त्याच दुपारी अडीचला, म्हणजे बोट अजून तरंगत असताना, त्या अधिकाऱ्यांपैकी एकाने विनायकला दूरध्वनी केला होता. आवाज शांत होता. त्याने विचारले होते, “त्यात मुलं किती आहेत?”

पाठवलेल्या कागदावर मुलांचा उल्लेख कुठेही नव्हता. म्हणजे विचारणाऱ्याला मुलांविषयी दुसरीकडून कळलेले होते, आणि मजुरांच्या बोटीत मुले नसतात. हे विनायकला त्या क्षणी सुचले नाही. मूळ संदेश त्याच्या डाव्या हाताखाली होता. त्याने उत्तर दिले होते, “मुलांची संख्या कळवलेली नाही.”

“आभारी आहे,” असे म्हणून त्या माणसाने फोन ठेवला होता.

कॅप्टन शिरीष आगाशे विनायकचे वरिष्ठ. तीस वर्षे समुद्रावर काढून ते किनाऱ्यावर आले होते आणि कचेरीतल्या मराठी माणसांशी मराठीतच बोलत. समितीचे पत्र हातात धरून ते विनायकच्या टेबलाशी येऊन बसले.

“छत्तीस पॉइंट चार,” स्वतःचे तापमान सांगून ते म्हणाले. “तुमचं?”

“छत्तीस पॉइंट सहा.”

“म्हणजे साक्षीला फिट आहात. वाईट झालं.” त्यांनी पत्र खाली ठेवले. “विनायकराव, विचारतील तेवढंच सांगायचं. कागद तुमचा आहे का? हो. तुम्ही पाठवला का? हो. दहा मिनिटांत सुटाल.”

“दुपारी फोन आला होता, कॅप्टन.”

“तो त्यांना माहीत आहे?”

“नाही.”

“मग तो आला नव्हता.”

“आला होता. मी घेतला होता.”

“तुमची ही खोड मला माहिती आहे. अहो, मागच्या वर्षी कँटीनवाल्याशी ‘फ्रेश’ या शब्दाच्या व्याख्येवरून अर्धा तास वाद घातलात तुम्ही. त्यानं शेवटी चहा फुकट दिला.” ते हसले नाहीत. “फोनबद्दल सांगितलंत की ते विचारतील, मुलं होती हे तुम्हाला तरी कुठं माहीत होतं? मग मूळ संदेश मागतील. मग ‘नाही’ कुठून आलं ते विचारतील. आणि मग तुम्ही फोनवर काय बोललात ते. तेही सांगणार?”

विनायकने पत्राची घडी घातली.

“तुमच्या पीआरच्या, इथं कायम राहण्याच्या अर्जाला कंपनीचं पत्र लागणार आहे. या महिन्यात. मी धमकी देत नाहीये. पत्रावर सही माझी नसते, वरच्यांची असते. ते वर्तमानपत्र वाचतात.”

“संख्या कळवलेली नव्हती, हे खरं होतं,” विनायक म्हणाला.

“हो ना. मग तेच धरून बसा.”

टॅम्पिनीसच्या फ्लॅटमध्ये जेवणे झाल्यावर विनायकने बायकोला, वसुधाला, फोनची हकिगत सांगितली. त्यांची नऊ वर्षांची मुलगी ऋग्वेदा शाळेच्या तापमानवहीत आकडा लिहीत बसली होती.

“त्या माणसानं मुलं म्हटलं म्हणजे त्याला ठाऊक होतं,” वसुधा म्हणाली. “सरळ आहे. सांगून टाक.”

“सरळ नाही. माझ्या एकट्याच्या शब्दावर कोण विश्वास ठेवील? त्यांच्याकडे त्या फोनची नोंद नाही. आणि ज्यानं एक ‘नाही’ पदरचं घातलं त्याचा शब्द तो.”

“मग गप्प बसून काय सिद्ध होईल?”

“काहीच नाही. पण गप्प बसलो तर ते सुटतात, आणि बोललो तर ते माझ्यामुळे सुटतात. आम्हाला चुकीचं कळवलं होतं, असं म्हणायला मोकळे.”

“तू दोन्ही बाजूंनी भांडतोयस. तिसरं कुणी नाहीये इथे.” तिने ताटे उचलली. “तू काय उत्तर दिलंस त्याला?”

विनायकने सांगितले. वसुधा ताटे हातात घेऊन उभी राहिली. तिने ती पुन्हा टेबलावर ठेवली नाहीत आणि आतही नेली नाहीत.

“तेव्हा ती बोट होती?” तिने विचारले.

“अजून तीन-चार तास होती.”

“बाबा, तुझं टेम्परेचर पण लिहायचं का? टीचर सेड ओन्ली चिल्ड्रन, लाह,” ऋग्वेदाने शाळेतल्या सिंगापुरी इंग्रजीत स्वतःच उत्तर दिले आणि वही मिटली.

वसुधा आत गेली. त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी तिने तो विषय काढला नाही. विनायकला त्याचे बरे वाटले नाही की वाईटही वाटले नाही. सहा महिने त्याला बहुतेक गोष्टींचे असेच होत होते. जेवणाची चव कळे. ती आवडली की नाही, हे ठरवता येत नसे.

साक्ष गुरुवारी सकाळी दहाला होती. कंपनीच्या बैठकीच्या खोलीत टेबलाच्या मध्यावर स्पीकरफोन ठेवला होता. पलीकडे कॅप्टन आगाशे बसले होते. विनायकने मूळ संदेशाची फाइल आणली होती. ती पाहून आगाशे म्हणाले, “तिला बाहेर ठेवलंत तर कोणी विचारणार नाही.”

“राहू दे इथेच.”

समितीच्या अध्यक्षा एक वयस्क बाई होत्या. त्या सावकाश, स्पष्ट बोलत. शपथ झाली. कागद तुमचा का? हो. तुम्ही पाठवला का? हो.

“याखेरीज या बोटीविषयी आमच्या अधिकाऱ्यांशी तुमचा आणखी काही संपर्क झाला होता का?”

आगाशेंनी टेबलावर बोटाने ठोकले. आवाज होणार नाही, इतके हळू. विनायकने फोनबद्दल सांगितले: वेळ, प्रश्न आणि प्रश्नातला ‘मुले’ हा शब्द. पलीकडे कागदांची सळसळ झाली. अध्यक्षांनी त्याला ते वाक्य पुन्हा सांगायला लावले. त्याने पुन्हा सांगितले, त्याच शब्दांत.

मग सरकारी बाजूचे एक सदस्य बोलू लागले. “श्री. मोघे, या फोनची नोंद आमच्याकडे नाही. तुमच्याकडे आहे?”

“नाही.”

“मुले होती हे तुम्ही कळवले नव्हते. मग तुम्हाला तरी ते कसे ठाऊक?”

“कप्तानाने मला लिहिले होते.” विनायकने फाइल उघडून संदेश अथपासून इतिपर्यंत वाचला. उंच धरलेल्या मुलाच्या वाक्यापाशी त्याचा आवाज बदलला नाही. तो बदलावा, असे त्याला वाचताना वाटले होते.

“म्हणजे हे तुम्ही गाळलेत.”

“हो.”

“आणि मदत मागितलेली नाही, हे कप्तानाने कुठे लिहिले आहे?”

“कुठेही नाही. ते मी लिहिले.”

“ज्या साक्षीदाराने लिहिलेले गाळले आणि न लिहिलेले घातले, त्याच्या स्मरणावर समितीने भरवसा ठेवावा, असे तुमचे म्हणणे आहे?”

“भरवसा ठेवावा असे मी म्हणत नाही. फोन आला होता, असे म्हणतो. दोन्ही विधाने निराळी आहेत.”

पलीकडे कोणीतरी हसले. त्या सदस्यांनी आणखी प्रश्न नसल्याचे सांगितले. आगाशे खुर्चीत मागे रेलले. त्यांच्या मते वाईट ते होऊन गेले होते आणि उरलेले टळले होते.

“एक राहिले,” अध्यक्षा म्हणाल्या. “मुले किती, असे त्याने विचारल्यावर तुम्ही काय उत्तर दिलेत?”

मला आठवत नाही, एवढे म्हणणे पुरे होते. सहा महिन्यांपूर्वीच्या फोनमधला प्रश्न आठवतो आणि उत्तर आठवत नाही, यात कोणाला नवल वाटले नसते. उलट ते अधिक स्वाभाविक दिसले असते. पण मग प्रश्नाच्या बाबतीत आठवण पक्की आणि उत्तराच्या बाबतीत ती कच्ची, अशी साक्ष झाली असती. अशा साक्षीतला प्रश्नही कोणी खरा मानू नये, असे विनायकचे स्वतःचे मत होते.

“मुलांची संख्या कळवलेली नाही, असे मी म्हणालो.”

“हा संदेश तेव्हा तुमच्यासमोर होता?”

“होता.”

“मुले आहेत, एवढे तुम्ही त्याला सांगू शकत होता.”

“हो.”

“का सांगितले नाही?”

“त्याने संख्या विचारली होती. संख्या संदेशात नव्हती.”

पुढचा प्रश्न येईल म्हणून तो थांबला. तो आला नाही. अध्यक्षांनी आभार मानून पुढच्या साक्षीदाराचे नाव पुकारले. मग एक तरुण कारकून बाई फोनवर आल्या. त्यांनी त्याच्या आडनावाची अक्षरे एकेक करून विचारून घेतली आणि साक्षीची प्रत पंधरा दिवसांत पाठवू, असे सांगितले. छपाईच्या चुका तेवढ्या सुधारता येतील, आशयात बदल करता येणार नाही, समजले ना? विनायकने समजल्याचे सांगितले. फोन बंद झाला.

आगाशेंनी स्पीकरफोन स्वतःकडे ओढून तो बंद असल्याची खात्री केली.

“शेवटचं कशासाठी सांगितलंत?”

“त्यांनी विचारलं म्हणून.”

“विचारलं तर त्या दिवशी त्यानंही होतं,” आगाशे म्हणाले. त्यांचा सूर दुष्ट नव्हता. बोलून झाल्यावर ते खाली टेबलाकडे पाहू लागले.

विनायकला वाद घालता आला असता. दोन प्रश्नांत फरक होता, आणि तो त्याने एरवी मुद्देसूद मांडला असता. या वेळी त्याने फाइलीची दोरी बांधली आणि आपल्या जहाजांचे काम आजपासून कोणाकडे द्यायचे, ते विचारले.

“सोमवारपर्यंत तुम्हीच बघा,” आगाशे म्हणाले. “वरून काय येतं ते पाहू.”

टेबलावर परतला तेव्हा तीन संदेश येऊन पडले होते. पहिला ब्रह्मदेशी कप्तानाचा होता: पाऊस, मंद वारा, स्वयंपाक्याच्या दाताला सूज. विनायकने नमुना समोर ओढला. जागा लिहिली, वेळ लिहिली. मग नमुना बाजूला सारून तो संदेश सुरुवातीपासून कप्तानाच्याच शब्दांत, बाहेर पाठवण्यासाठी, उतरवून घेऊ लागला. साडेबाराला तापमान घेणारी मुलगी आली तेव्हा त्याचा अजून पहिलाच संदेश चालला होता.